गिरणेचा चढ
ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास आला की मला गिरणेकाठचा वाळूचा चढ आठवतो. धुळ्याच्या पोरांनी तो मोटारसायकलवर पार केला होता. आता पाळी जळगावची होती. माझ्या मित्राच्या छोट्या टू-स्ट्रोक गाडीच्या सिलिंडरमधल्या, पेट्रोल आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा मिस्त्रीनानांनी जोर वाढवायला दोन दिवस कानशीने घासून रुंद केल्या. मित्राने रुबाबासाठी सायलेन्सरमधली नळीही काढून टाकली. गर्जना ऐकून गर्दी जमली, आणि गाडी अर्ध्या चढावर बंद पडली. “आवाज वाढना भो, दम गया,” नाना म्हणाले; नळी काढल्याने आवाज वाढला होता, पण इंजिनाचा जोर गेला होता. त्यांनी नळी परत बसवली, तोवर हसत हसत सगळे पांगले होते. मग गाडी मुकाट्याने वर चढली. धुळेकर हे आजही मानत नाहीत. मित्राने वाद घालणं कधीच सोडलं. मी अजून घालतो.