स्वखुशीने

"यात बाई कुटं हाय?"

कोणताही कागद समोर आला की ताई त्याच्यावर मधलं बोट टेकवून हेच विचारायच्या. मग तो रस्त्याचा नकाशा असो, नाहीतर राज्याचा अर्थसंकल्प.

त्या एकच मुदत विधान परिषदेत होत्या. माहेर बेडसे गावचं, शेतकऱ्याचं, सासर लोणावळ्यात. मी तालुक्याच्या नोंदणी कचेरीबाहेर दस्त टाइप करते. एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि शटर, एवढंच माझं दुकान. कायद्याची भाषा कळणारी आणि गोडगोड न बोलणारी कुणीतरी हवी म्हणून त्यांनी मला धरलं. अधिवेशन जवळ आलं की मी दुपारी लोणावळ्याला जायची आणि अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा झोप लागली असेल असं समजून मी दोन पानं गाळली.

"मागं फिर," डोळे न उघडता म्हणाल्या.

महिलांसाठी ठेवलेल्या रकमेत एकदा जीप निघाली. ताईंनी तिथल्या तिथे अधिकाऱ्याला फोन लावला.

"जीप कोन चालवनार?"

"ड्रायव्हर, मॅडम."

"बसनार कोन?"

"साहेब."

"मग बाई कुटं हाय? टपावर?"

पुढच्या वर्षी जीप गेली आणि हायवेच्या कडेला करवंदं विकणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह आलं. असली भांडणं त्या जिंकायच्या. मोठं भांडण हक्कसोडपत्राचं होतं.

मावळात राहत असाल तर तुम्हीही हे पाहिलं असेल. डोंगराखालच्या जमिनीला बंगलेवाल्यांचं गिऱ्हाईक आलं की भाऊ बहिणींना गाडीत घालून कचेरीत आणतात. बहीण वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडते. सही होते, अंगठा होतो, फोटो निघतो. मग हॉटेलात जेवण, हातात साडी, आणि दिवस मावळायच्या आत ती सासरी. असे किती दस्त मी टाइप केले, त्याची गणती नाही.

ताईंनी यावर विधेयक तयार केलं. बहिणीला एकटीला बसवून कागद वाचून दाखवायचा आणि सही दुसऱ्या दिवशी घ्यायची. बस, एवढंच.

"कचेरीत पाय ठेवायला जागा नसते," मी म्हणाले. "वाचत कोण बसणार?"

"एक बाई अधिकारी वाढवायची. तिचा पगार बजेटात मागते. पगार मागितल्याबिगर कायदा केला तर त्यो कपाटात बसतो."

विधेयक शुक्रवारी सभागृहात येणार होतं. त्याआधीच्या रविवारी त्यांचा भाऊ लोणावळ्याला आला. मी तिथेच पुस्तक उघडून बसले होते. तो उभाच राहिला.

"आक्का, उद्या सकाळी कचेरीत ये. हक्कसोड करायचंय."

"शुक्रवारनंतर बघू."

"शुक्रवारी तू काय बोलनार ते आख्ख्या गावाला ठावं हाय. म्हनूनच उद्या." मग आवाज उतरवून म्हणाला, "आई माज्याकडं ऱ्हाती, ध्यानात ठेव. सही न्हाई, तर माजा उंबरा न्हाई."

तो गेला. सही केली तर शुक्रवारी तोच दस्त दाखवून विरोधक विधेयकाची टर उडवणार. नाही केली तर आई तुटणार. आई पंच्याऐंशीची, गुडघ्यांमुळे घरात बसलेली. दर गुरुवारी ताई तिची वेणी घालायला बेडशाला जात; त्या दिवशी मंत्र्यांनाही वेळ मिळत नसे.

"सही करा आणि विधेयक पुढच्या अधिवेशनात न्या," मी व्यवहाराचं सांगितलं.

"पुढच्या अधिवेशनात मी आसंन का?" त्यांची मुदत संपत आली होती.

भावाने दस्त माझ्याकडेच टाइप करायला दिला होता. धंदा तो धंदा; मी केला. सोमवारी दोघं दुकानात आले. ताई भावाला म्हणाल्या, "तू भाईर थांब." शटर त्यांनी स्वतः अर्धं खाली ओढलं.

"वाच."

मी वाचायला लागले. शटरखालून भावाच्या चपला दिसत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी शेवटच्या परिच्छेदाशी आले: "सदर हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कायमचा सोडून देत आहे."

"थांब. हे कुनी लिवलं?"

"मी."

"मला इचारलं व्हतंस?"

"नमुन्यातच असतं, ताई. सगळ्यांना तेच."

"सगळ्यांना, न इचारता?"

बाहेर चपला थांबल्या होत्या.

ताईंनी शटर वर केलं. "उद्या सांगते," भावाला म्हणाल्या. "बाकीच्या बायांसाठी एक दिवस मागतीय. मला नगं का?"

मंगळवारी त्या वेळेवर आल्या. भाऊ आधीच येऊन थांबला होता.

"सही करते. जमीन घे. फकस्त ते वाक्य काढायला लाव. खोटं लिवून देनार न्हाई."

मी कचेरीत जाऊन निबंधक साहेबांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या वाक्याशिवाय दस्त घेणार नाही म्हणाले.

"आक्का, एका वाक्यापायी?" भावाचा आवाज फाटला होता.

"व्हय."

त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि वळूनही न बघता निघून गेला.

शुक्रवारी मी प्रेक्षक गॅलरीत होते. ताई बोलायला उठल्या तेवढ्यात मागून एक सदस्य म्हणाले, "ताईंनी आधी घरचं मिटवावं!" हशा झाला.

"मिटवूनच आले आहे," ताई म्हणाल्या. "मंगळवारपासून आईच्या घरात मला येऊ देत नाहीत. आता बोलू?"

हशा थांबला. शेवटी मंत्र्यांनी सरकार सकारात्मक असल्याचं सांगून विधेयक मागे घ्यायची विनंती केली. ताईंनी मागे घेतलं नाही, ते मंजूरही झालं नाही. पुढच्या अर्थसंकल्पात मात्र दस्त वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराची एक ओळ आली, मोजक्या कचेऱ्यांपुरती. आमची त्यात नव्हती.

गुरुवार त्यांनी सोडला नाही. भावाचं दार बंद असायचं. आई आत खाटेवर खिडकीच्या गजांना पाठ लावून बसायची आणि ताई बाहेर उभ्या राहून गजांमधून तिची वेणी घालायच्या. एकदा मी सोबत गेले होते. आई म्हणाली, "जमिनीच्या कागदावर माजा अंगठा कवाच घेतलाय त्यानं. मला तर वाचूनबी न्हाई दावलं." ताईंनी पेड घट्ट ओढला.

काही महिन्यांनी एका गुरुवारी खिडकीखाली निळी प्लास्टिकची खुर्ची दिसली. कुणी ठेवली ते कुणी बोललं नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई हृदयविकाराने गेल्या. पुढच्या गुरुवारी मी बेडशाला गेले. घराचं दार सताड उघडं होतं. आई गजांना पाठ लावून बसली होती, केस मोकळे. आणि बाहेर, त्या खुर्चीवर, भाऊ हातात फणी घेऊन बसला होता.

"आत जाऊन घाला की," मी म्हणाले.

"ती म्हनती, हितूनच."

वेणी त्याला येत नव्हती. तिसरा पेड सारखा हातातून सुटत होता.