जपानीत थोडक्यात होतं

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर बाबांनी फोनवर एकच धोशा लावला होता, "तू येत नाहीस, तर मी येतो." आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते खरोखरच टोकियोजवळ ग्योतोकुला माझ्याकडे येऊन थडकले. सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस, बॅगेत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. मी सॉफ्टवेअरच्या कामात आकंठ बुडालेली, त्यामुळे त्यांना दिवसाची सोबत म्हणजे खालच्या मजल्यावरचे जपानी आजोबा.

या आजोबांची आणि माझी ओळखच भूकंपाने करून दिली. धक्के चालू असताना ते आपला जुना ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात येऊन बसले होते, बातम्या सगळ्यांना ऐकू जाव्यात म्हणून. बाबांनी तो ट्रान्झिस्टर पाहिला आणि मला म्हणाले, "यांना विचार, यावर गाणी ऐकायचे का?"

विचारलं. आजोबा आत गेले आणि वह्यांची चळतच घेऊन आले. सत्तरच्या दशकात तिथल्या रेडिओवर दर आठवड्याला सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डांची क्रमवारी लागायची, ती ते पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. चढलेल्या गाण्यापुढे वरचा बाण, घसरलेल्यापुढे खालचा. बाबा वही हातात घेऊन बघतच राहिले. त्याच वर्षांत पुण्यात तेही हेच करत होते. आठवड्याची हिंदी गाणी, पोस्टातल्या नोकरीत मिळालेली डायरी आणि शॉर्टवेव्हवर मधेच बुडणारा आवाज. बुडालेला नंबर रिकामा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाला तरी विचारून भरायचा.

मग दर रविवारी दुपारी दोघं आमच्या टेबलाशी बसू लागले. आजोबा वही उघडणार, बाबा ती न कळताही मान डोलावणार. मधे दुभाषी मी.

खरं सांगते, मला कंटाळा यायचा. आठवडाभर ऑफिसात जपानी लोकांचं म्हणणं भारतातल्या टीमला आणि टीमचं त्यांना सांगून जीव आंबलेला असायचा. रविवारी पुन्हा तेच.

अशाच एका रविवारी आजोबांनी विचारलं, "तुमचं सगळ्यात लाडकं गाणं कधी पहिल्या नंबरावर आलं का?" मी ते मराठीत सांगितलं आणि बाबा बोलायला लागले. चांगली पाच-सात मिनिटं बोलले. मधे त्यांनी चष्मा काढून पुसला, तेवढं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. मी फोनवर ऑफिसच्या मेसेजला उत्तर देत होते. ते थांबले तेव्हा मी मान वर केली आणि आजोबांना म्हणाले, "जुने दिवस आठवले म्हणतात."

आजोबांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "मी केवढं बोललो."

"जपानीत थोडक्यात होतं, बाबा."

त्यांनी ते लगेच मानलं. पुण्याला परत गेल्यावर येईल त्याला सांगत सुटले, जपानी भाषा फार आटोपशीर, चार शब्दांत सगळं बसतं. फोनवर ऐकून मला हसू यायचं.

दोन वर्षांनी बाबा गेले. पुण्यातलं सगळं आटोपून मी परत आले, त्याच आठवड्यात आजोबा वर आले. हातात बाबांसाठी उदबत्त्यांचं खोकं आणि त्या गाण्यांच्या वह्यांतली शेवटची वही. तिची शेवटची पानं कोरी होती.

"त्या रविवारी तुमचे वडील खूप वेळ बोलले," ते म्हणाले. "त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. आता ते इथे लिहून ठेवावं असं वाटतं. काय म्हणाले होते ते?" आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

डोळे भरून आले होते, हे मला आत्ता कळत होतं. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. कुठलं गाणं, कुठलं साल, त्यात आई होती की नव्हती. चष्मा पुसणारी त्यांची बोटं तेवढी समोर येत होती. काहीतरी रचून सांगितलं असतं तरी आजोबांना कळलं नसतं, पण तेवढाही धीर झाला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. आजोबा पेन्सिल धरून थांबले होते.

"आठवत नाही," मी म्हणाले. हे मात्र जपानीत खरंच थोडक्यात होतं.