दोन्ही तोंडं उघडा कंदील

"आई गेली," एवढंच प्रशांतदादा फोनवर म्हणाले आणि इकडं माझी समीक्षा दारात बसून बुटाची लेस बांधत होती, गणिताच्या पेपरला निघाली होती, आणि मला काय करावं तेच सुचेना. खाली अँब्युलन्स उभी होती, किचनच्या खिडकीतनं दिसत होती. पोरगी म्हणाली, "मम्मी, कोणाचा फोन?" मी म्हणलं, "पप्पांचा." तोंडातनं आपोआपच गेलं. मग तिला म्हणलं लिफ्ट बंद आहे, आणि मागच्या जिन्यानं उतरवलं, पलीकडच्या ब्लॉकखालनं फिरवून बसस्टॉपला नेलं. बस आली, ती चढली, काचेतनं हात केला, आणि मी तिथंच बाकावर बसले.

गेल्या त्या वाघमारेबाई. इथं परदेशात, टॅम्पिनीसला, आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडं, म्हणजे प्रशांतदादांकडं राहायच्या. नागपूरला शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला त्यांचा, म्हणून त्यांना सगळे बाईच म्हणायचे. माझी त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. समीक्षाच्या गणिताचा फोटो मी मिस्टरांना पाठवत होते. ते आंग मो किओला कंपनीत, शिफ्ट चालू असली की फोन बघत नाहीत. बाईंनी चष्मा सरकवून माझ्या हातातला कागद बघितला.

"काऊन गं, तुला येत नाही का हे?"

"नाही बाई, मी नववीपर्यंतच. मग लग्न झालं."

"मग नववीपासून पुढं चालू करू," बाई म्हणाल्या, आणि लिफ्ट उघडल्यावर सरळ माझ्या मागं घरात आल्या. चहा टाक म्हणाल्या.

त्या कागदावर एक तिकोनी प्रिझम होतं. घनफळ साठ दिलेलं, तोंडाच्या त्रिकोणाच्या बाजू तीन, चार, पाच, आणि विचारलेलं काय, तर पृष्ठफळ. मी म्हणलं, "बाई, आतलं दिलंय आणि बाहेरचं मागतात, हे कसं काय निघणार?" बाईंनी दुसऱ्या दिवशी विमानतळावर मिळतो तसला चॉकलेटचा तिकोनी डबा आणला, प्रशांतदादांनी खाऊन रिकामा केलेला. "हे बघ मनीषा, आत मावतं ते घनफळ. बाहेरनं मढवायला कागद लागतो ते पृष्ठफळ. आधी तोंड मोज. तीन आणि चार मधला काटकोन, म्हणून तीन चोक बारा, त्याचं अर्धं सहा. आता साठाला सहानं भाग." मी भागलं. दहा आले. "ही डब्याची लांबी. घनफळानं तुला लांबी दिली, त्याचं काम संपलं. आता कागद मोजायला लाग." तीन, चार, पाच मिळून बारा, गुणिले दहा, एकशेवीस. वर दोन तोंडं, सहा आणि सहा. एकशेबत्तीस. मला घाम फुटला होता, पण आलं.

पोरीला शिकवायच्या आधी त्या मला शिकवायच्या, नेहमी. मी म्हणायचे, "बाई, तिलाच शिकवा ना थेट." तर म्हणायच्या, "ती रोज तुला विचारणार का मला? मी म्हातारी, किती दिवस पुरेन?" आणि लगेच समीक्षाकडं वळून टोमणा, "तुझी आई चहा झटकन करते, भागाकार मात्र उकळत ठेवते." समीक्षा खिदळायची. ती त्यांना बाईआजी म्हणायची.

बुद्धपौर्णिमेला बाईंनी कंदील करायला घेतला. नेहमीचा सहा बाजूंचा नाही, मुद्दाम तिकोनी, पांढऱ्या कागदाचा. समीक्षाला फक्त घनफळ आणि त्रिकोणाच्या बाजू सांगितल्या आणि म्हणाल्या, कागद किती लागेल ते काढ, त्याशिवाय कात्री मिळणार नाही. तिनं बरोबर काढला. कंदील झाला, आमच्या किचनच्या खिडकीत टांगला... आणि पुढच्याच आठवड्यात शाळेच्या टेस्टमध्ये तेच गणित चुकलं. दोन तोंडं धरलीच नाहीत हिनं. कंदील वरनं खालनं उघडाच असतो ना, हवा जायला. बाई चष्मा काढून हसल्या, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. "अगं, शाळेनं डबा मागितला, तू कंदील देऊन आलीस!" मग पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापले आणि दोऱ्यानं कंदिलाखाली सोडले. "हे बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही."

"कॅन लाह, बाईआजी. आय रिमेंबर." जमेल म्हणत होती, इकडच्या पोरांच्या इंग्रजीत.

त्यांना एकच ध्यास होता, पोरीनं पुढच्या वर्षी गणिताच्या वरच्या गटात जायचं. ते ह्याच पेपरवर होतं. आदल्या दिवशी म्हणाल्या, "पेपर झाला की पहिलं मला येऊन सांगायचं. मम्मीला मग."

बसस्टॉपवरनं मी वर गेले. बाईंना पांढरी साडी नेसवली होती. प्रशांतदादांनी विचारलं, "समीक्षाला सांगितलं?" मी नाही म्हणलं. माणसं जमली, त्रिसरण पंचशील झालं. माझ्या मनात होतं, शाळा सुटायच्या वेळी बसस्टॉपला जायचं, घरी आणायचं, दोन घास खाऊ घालायचे, मग सांगायचं. पण पेपर संपल्यावर लगेच सोडलं मुलांना. मी तिथंच किचनमध्ये आलेल्या लोकांना चहा गाळत होते आणि लिफ्ट उघडल्याचा आवाज आला.

"बाईआजी! आय पुट द टू एंड्स!"

पळत आली कॉरिडॉरमधनं. आणि मग पावलं थांबली. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पडला होता. त्या चपलांनीच सांगितलं तिला. मी गाळणं हातात घेऊन बाहेर आले, तर ती ढिगाच्या अलीकडं उभी, पाठीवर दप्तर.

"व्हाय यू नेव्हर टेल मी, मम्मी?"

मी म्हणलं, "तुझा पेपर होता बाळा. बाईंचीच इच्छा होती." तर मराठीत म्हणाली, एरवी एक-दोन शब्दच बोलते, "मी रडत रडत पण लिहिलं असतं."

निकाल लागला. वरच्या गटात गेली. पेढे आणले, पहिला बाईंच्या फोटोपुढं ठेवला. ती माझ्याशी बोलते आता, पण सकाळी फोन वाजला की लेस बांधायची थांबते आणि माझ्या तोंडाकडं बघत राहते.

कंदील अजून खिडकीत आहे, कपडे वाळत घालायच्या बांबूंच्या वर. खालचा एक त्रिकोण तिनं सोडवून पेन्सिलच्या पाऊचमध्ये ठेवलाय, दुसरा तसाच दोऱ्याला फिरत असतो. मी भांडी घासताना त्याच्याकडं बघते आणि रोज तेच मनात येतं. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आधी काय धरायचं आणि मग काय. आता कोणाला विचारू, म्हणून तुम्हाला विचारते. खाली अँब्युलन्स उभी आहे, पोरगी दारात लेस बांधतेय, आणि विचारतेय, मम्मी, कोणाचा फोन... तुम्ही काय सांगितलं असतं?