तुळईवरचे साडेतीन तास

कामावर सगळे तिला जाळीवहिनी म्हणत. धंदा तिच्या धाकट्या दिराचा. तो वहिनी म्हणायचा म्हणून बाकीचेही म्हणू लागले, आणि हातात सदानकदा जाळी, म्हणून जाळीवहिनी. लोकांच्या परसातल्या पोहण्याच्या तलावांवर अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा उभारायचा आणि त्याला चारी बाजूंनी आणि वरून बारीक जाळी बसवायची, हे काम. डास, पाचोळा, बेडूक बाहेर; पाणी आणि माणसं आत. जाळी खाचेत घालून तिच्यावर रबरी दोरी चाकाने दाबत न्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण ताण जरा इकडेतिकडे झाला की सबंध चौकटीला पोट सुटतं. तिच्या हातच्या जाळीला तीस वर्षांत पोट सुटलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा ती नवऱ्याबरोबर याच कामासाठी कोरड्या, रणरणत्या प्रदेशात गेली. तिथे दाट विणीची जाळी लागायची, सावलीसाठी. तरी तीन उन्हाळ्यांत तिचा भुगा व्हायचा, नखाने दाबली तरी तुटायची. मग बर्फाच्या गावी. तिथे थंडीआधी वरची जाळी काढून ठेवावी लागते, नाहीतर बर्फ साचून सांगाडा वाकतो. एका वर्षी एका घरमालकाने आळस केला. साचलेला बर्फ झाडायला नवरा वर चढला आणि सांगाड्यासकट फरशीवर आला. कंबर गेली. तेव्हापासून तो खुर्ची आणि पलंग यांच्यामध्येच.

तेव्हा दिराने त्यांना आपल्याकडे, समुद्राकाठी आणलं. कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या दिल्या. "भाड्याचं नाव काढायचं नाही, वहिनी," असं म्हणाला, आणि खरंच कधी घेतलं नाही. इथे खारी हवा स्क्रू खायची, जाळीवर काळं शेवाळ धरायचं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. बारा वर्षं झाली. दोनदा तिने दुसरं काम धरायचं मनात आणलं. दोन्ही वेळा दीर हसून म्हणाला, "जा की! मी कोण अडवणार? फक्त दादाला जिना चढावा लागणार नाही असं घर आधी बघा." आवाजात राग औषधालाही नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी काम टेकडीवरच्या घरात होतं, तलावाची वरची जाळी बदलायची. जोडीदाराला ताप होता. दीर म्हणाला, "एवढुसं काम, तुम्ही एकट्या कराल." घरमालकाने तिला बाजूच्या फाटकातून आत घेतलं आणि सांगितलं, "आई आत आहे. तिला हल्ली आठवत नाही फारसं. काचेचं दार बंदच राहू दे." संध्याकाळी सहाला येतो म्हणून तो गेला.

अकरापर्यंत पाण्यावरच्या सगळ्या चौकटी भरून झाल्या. उरली फक्त फरशीवरची एक, जिच्यातून शिडी वर आली होती. जाळीवहिनी मधल्या तुळईवर कमरेचा पट्टा अडकवून बसली होती. वाऱ्याचा एक झोत आला, खाली ठेवलेली जाळीची गुंडाळी घरंगळली आणि शिडीच्या पायाला लागली. शिडी ओल्या फरशीवरून सरकली, सावकाश, जणू विचार करून, आणि आडवी झाली.

फोन खाली पिशवीत होता. तिने हाका मारल्या. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बंद, एसीची घरघर चालू. सांगाड्याबाहेर टेकडीचा उतार, दोन पुरुष खोल. आत फरशी. फरशीकडे बघितलं की तिला नवऱ्याची कंबर दिसायची. साडेअकराला अ‍ॅल्युमिनियम इतकं तापलं की तिला हाताखाली टोपी घ्यावी लागली.

मग काचेमागे एक म्हातारी येऊन उभी राहिली. पांढरे केस आखूड कापलेले, खांदे रुंद. बराच वेळ बघत राहिली. काचेचं दार बंद होतं, पण वरची झडप उघडी होती, त्यातून आवाज आला.

"ए बाई, चोरी करायला आलीस का?"

"नाही हो आजी! जाळीवाली आहे. शिडी पडली. कुणाला फोन करता येईल का?"

"फोन त्याने ठेवला नाही. मी भलत्यालाच लावते म्हणे." म्हातारी खुर्ची ओढून बसली. "मग आता काय करणार?"

"सहापर्यंत बसणार."

"मी पण," म्हातारी म्हणाली.

खाली पिशवीत फोन वाजला. थांबला, परत वाजला. दीरच असणार. 'झालं का?' एवढंच विचारायला.

एक वाजेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. पाणी प्यायचं तर तेही खालीच. पायाखाली मात्र एवढा मोठा तलाव.

"उडी मार की!" म्हातारी ओरडली. "पाणी आहे ना खाली!"

"पोहता येत नाही, आजी."

म्हातारी उठून काचेला नाक लावून उभी राहिली. "जन्मभर तलाव बांधतेस आणि पोहता येत नाही?"

"तलाव नाही बांधत. जाळी बांधते."

"मूर्ख कुठली! ऐक. मी चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलंय. तळावरच्या त्या निळ्या पट्टीपाशी पाणी तुझ्या गळ्याइतकं आहे. तुळईवरून बरोबर तिच्या वर जा. हातांनी लोंबकळ, मग सोड. गुडघे सैल ठेव. नाक धर. तळ लागला की उभी राहा आणि डावीकडे चालत सुट. पायऱ्या आहेत."

घरमालकाचं, म्हणजे तिच्या मुलाचं, बोलणं जाळीवहिनीला आठवलं: आठवत नाही फारसं. "आजी, नक्की गळ्याइतकं?"

"मला मुलाचं लग्न आठवत नाही," म्हातारी म्हणाली, "पण पाणी कुठे किती ते आठवतं."

धीर करायला आणखी दीड तास गेला. मग सरकत ती पट्टीच्या वर गेली आणि नीट बसवलेली जाळी कमरेच्या सुरीने कापली; आयुष्यात तिने स्वतःची जाळी कापली नव्हती. पट्टा सोडला. लोंबकळली. तापलेल्या धातूने तळवे भाजत होते, तरी सुटेनात.

"सोड!" काचेमागून आरोळी आली. "आता! सोड म्हणते ना!"

पाणी डोक्यावरून गेलं. कानांत बूच बसलं. मग तळ लागला, ती उभी राहिली, आणि पाणी होतं बरोबर गळ्याइतकं. डावीकडे चालत, खोकत, ती पायऱ्यांवर येऊन बसली. म्हातारी काचेवर दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती.

मग टाळ्या थांबल्या. "आता माझं दार उघड."

दाराला बाहेरून कडी होती, वर आणि खाली. कुलूपसुद्धा नाही. नुसतं बोट लावायचं.

जाळीवहिनी ओल्या कपड्यांनी तिथे उभी राहिली. मुलाचं सांगणं आठवलं, दीर आठवला, दोन खोल्या आठवल्या. "साहेब आले की सांगते त्यांना," ती म्हणाली. म्हातारी खुर्ची फिरवून पाठ करून बसली. जाळीवहिनीने शिडी उभी केली, कापलेली चौकट नव्याने भरली, उरलेलीही भरली. सहाला मुलगा आला, मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "छान." ती काहीच न सांगता निघून आली.

तीन दिवस ती जेवणावर रुसल्यासारखी होती. शेवटी नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "काय झालं ते सांग, नाहीतर मी उठून चालायला लागेन." तिने सांगितलं. तो मग म्हणाला, "मला रोज कोण खुर्चीवरून ओट्यावर नेऊन बसवतं?"

"मी."

"मग? तिलाही बसव जा."

ती टेकडीवर गेली, मुलाला सगळं खरं सांगितलं. तो वाईट नव्हता. मागच्या थंडीत आई पहाटे एकटी पाण्यात उतरली होती; त्याने तिला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे होते. तेव्हापासून कडी. "दर गुरुवारी दुपारी मी येते," जाळीवहिनी म्हणाली. "दोन तास. मी असेपर्यंत दार उघडं. मी हात सोडणार नाही." त्याने पायांतल्या चपलांकडे बघत होकाराची मान हलवली.

दीर मात्र भडकला. बारा वर्षांत पहिल्यांदा. "गुरुवार ऐन कामाचा दिवस! लोकांच्या आया सांभाळायला तुम्हाला ठेवलंय का?"

"ठेवलंय?" ती म्हणाली. "भावजी, मला वाटत होतं मी वहिनी आहे."



पहिल्या गुरुवारी दार उघडलं. म्हातारी कठड्यापर्यंत आली, पाण्याकडे बघितलं आणि थबकली. "मी? ह्या पाण्यात? वेडी आहेस का? तू उतर." गेल्या आठवड्यातलं तिला काहीही आठवत नव्हतं. जाळीवहिनीला तिने नवीनच कुणी शिकाऊ पोरगी समजलं होतं. त्यामुळे पहिल्या पायरीवर पाय सोडून म्हातारी बसायची, आणि बावन्न वर्षांची जाळीवहिनी कठडा धरून पाय मारायची. "गुडघे नको वाकवू! बेडूक आहेस का?" दर गुरुवारी धडा पहिल्यापासून.

दोन खोल्या त्याच आहेत, तुळयाही त्याच. दुसरं घर काही मिळालं नाही. पण गुरुवारी दुपारी कुणी कारखान्यात विचारलं, तर दीर म्हणतो, "वहिनी नाहीत." कुठे गेल्यात ते सांगत नाही. तिचं जाणं त्याला अजून पटलेलं नाही.