मोहाचं मडकं

माझी आजी नीलाबाई एटापल्लीच्या जंगलात मोहाची फुलं वेचत म्हातारी झाली. परवा तिला चंद्रपुरात आमची प्रयोगशाळा दाखवली. दारावरचा वर्दीतला पहारेकरी बघताच ती माझ्यामागे दडली.

आत टाकीत आम्ही यीस्ट वाढवतो. त्यातून मिळणारं एन्झाइम चिमणीतला विषारी वायू साफ करतं. आजीनं वास घेतला, टाकीला कान लावला.

"हात लावू नका," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

"लावू द्या!" मी ठणकावलं.

आतले बुडबुडे ऐकून आजी हसली. "दारूसाठी मोह भिजवला का वं?"

"नाई आजी. धूर साफ कराले हाय."

"आवाज तोच. तुहा आजा मडक्याले असाच कान लावे."

तिनं टाकीवरून हात फिरवला आणि दारावरच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुह्या टाकीले वर्दीवाला राखते. मंग आमची मडकी वर्दीवाल्यायनं काऊन फोडली?"