झिरो कोणं लावला?

रॉकेलचा वास आला की भद्रावतीतलं ते पत्र्याचं वर्कशॉप आठवतं. उंची मोजायच्या नव्या डिजिटल हाइट गेजवर मी बनवलेला जॉब चार शतांश मिलिमीटर कमी भरला. साहेब म्हणाले, "भंगारात टाका बाई. मशीन खोटं बोलत नाई." मी हटले नाही. कपाटातला पन्नास मिलिमीटरचा प्रमाणित ठोकळा आणून गेजखाली ठेवला. आकडा आला ४९.९६. "मंग हा ठोकळाबी टाकू काय भंगारात?" मी रॉकेलच्या चिंधीनं खालची सपाट प्लेट आणि गेजचं टोक पुसलं, तर चिंधीवर लोखंडाचा कीस चमकला; त्या किसावरच टोक टेकवून कुणीतरी झिरो लावला होता. टोक प्लेटला टेकवून झिरो पुन्हा लावला. ठोकळा पन्नास भरला, जॉबही बरोबर निघाला. अजूनही कुणी आकडा तोंडावर फेकला की मी आधी विचारते, "झिरो कोणं लावला?"