ओथोची जागा

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटांचे ताव तपासायचे. सरकलेला आकडा, तुटलेली रेघ त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर ती नजर त्यांनी रोमन नाण्यांकडे वळवली. सागवानी ट्रेमध्ये रोमच्या बारा सत्ताधीशांसाठी बारा खळगे करून घेतले, ज्युलियस सीझरपासून डोमिशनपर्यंत. रविवारी मी गंगापूर रोडहून त्यांच्याकडे जायचो आणि कोणाला ठेवायचं यावरून आमची जुंपायची.

"सीझर सम्राट नव्हताच, बाबा."

"नसेना. त्याच्याशिवाय फाइल उघडते का?"

"आणि नीरो? सख्ख्या आईला मारलं त्याने."

"मग काय, ग्रॅच्युइटी रोखू त्याची?"

ओथोवरून तर कायमच वाद. तीन महिने राज्य केलेल्या माणसासाठी खळगा अडवू नये, असं माझं म्हणणं. वडील म्हणायचे, "प्रभारी का होईना, सही त्याची चालत होती ना? मग तो साहेब."

शेवटी मीच हरलो. गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या प्रदर्शनात ओथोचं चांदीचं नाणं दिसलं आणि मी ते घाईघाईने घेतलं. घरी येऊन भिंगाखाली धरलं, तर कडेला केसाएवढी रेघ. म्हणजे ठोकून पाडलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं, खोटं नाणं. मी ओशाळलो, पण रविवारी घेऊन गेलो. बाबा क्षणात पकडतील, माझी टर उडवतील, चहा होईल, असं वाटलं होतं.

त्यांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं. कड फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "टकलावर काय विग घातलाय बघ लेकाने! अगदी अस्सल. आणलास शेवटी!"

मी त्यांचा मुलगा आहे. त्या माणसाला ती रेघ दिसली नाही याचा अर्थ मला त्याच मिनिटाला कळायला हवा होता. कळलाही होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पण त्यांनी पाठीवर थाप मारली, आणि ती मला हवी होती. मी गप्प बसलो.

दिवाळीच्या सुमारास ते दाराच्या चौकटीला धडकू लागले, तेव्हा कुठे त्यांना दवाखान्यात नेलं. काचबिंदू. उजवा डोळा संपलेला, डावा संपत आलेला. डॉक्टर म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. सहा महिने आधी आणलं असतं तर डावा टिकला असता." वडील मलाच समजावत होते, "अरे, मलाच कळलं नाही, तुला कुठून कळणार?"

गेल्या महिन्यात त्यांनी ट्रे मागवला. आता त्यांना उजेड तेवढा कळतो. म्हणाले, "सगळे सांभाळणं होणार नाही. मोजके ठेवू, बाकीचे एखाद्या होतकरूला देऊ. तू बघून सांग, कोण चांगले आहेत. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. ओथो मात्र राहू दे. तू आणलास तो."

पुढे ढकलायला काहीच उरलं नव्हतं.

"बाबा, ओथो खोटा आहे."

"खोटा?" ते हसले. "कधी कळलं तुला?"

"तुम्हाला दाखवला त्याच्या आदल्या संध्याकाळी."

ते हसायचे थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मला दिसत नाही, हे तुला तेव्हाच दिसलं."

"हो."

मी पायाशी बसलो. काय काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असेन. ते म्हणाले, "पुढचे वाच." मी एकेक नाणं उचलून नाव सांगू लागलो. गाल्बानंतर ओथोची जागा सोडली आणि मुद्दाम व्हेस्पाशियन म्हणालो, मधला व्हिटेलियस गाळला. अशा चुकीवर ते एरवी खेकसले असते. मी वाट पाहिली. त्यांनी नुसती मान हलवली.